चिखल्यांचं साल

परतीचा पाऊस सोलापुरात शिरला की पहिली बातमी माझ्या उजव्या पायाच्या करंगळीला लागते. वेधशाळेला मागाहून कळतं. करंगळी आणि तिची शेजारीण यांच्यामधल्या अरुंद बोळात कुणीतरी हलक्या पावलानं फिरायला लागतं. आधी गुदगुली होते, मग खाज सुटते, आणि मग ती खाज अशी चढते की चारचौघांत तोंडावर गांभीर्य ठेवून टेबलाखाली एक पाय दुसऱ्या पायानं खरवडत बसावं लागतं. यंदा हस्त लागला त्याच दिवशी हे झालं. नातवाच्या शाळेत पालकांची सभा होती. बाई मुलांच्या भवितव्यावर बोलत होत्या आणि मी बुटातल्या माझ्या भवितव्याचा विचार करत होतो.

घरी येऊन मोजा सोलला. बोटांच्या बेचक्यातलं कातडं पांढरं, फुगलेलं, पाण्यात विसरलेल्या पावासारखं. वास आला. त्या वासानं माझी मानगूट धरली आणि मला पन्नास वर्षं मागं, एका रंगारखान्याच्या ओल्या दारात नेऊन उभं केलं.

चिखल्या म्हणतात याला. नाव ऐकून गल्लीतलं एखादं शेंबडं पोर वाटावं. पण या पोरानं एका धडधाकट माणसाचा पाय खायला घेतलेला मी पाहिलाय. बोटांपासून सुरुवात केली होती.

बहात्तरच्या दुष्काळानं आम्हाला पार वाळवून टाकलं होतं. कुंभारी गावच्या माझ्या चुलत्याच्या टाचेला अशी भेग पडलेली की तीत एक सरडा शिरला आणि वळवाचा पाऊस येईस्तोवर भाडेकरू म्हणून राहिला. सोलापूरकराला पायाचा रोग ठाऊक तो हाच, कोरड्याचा. तेल चोळा, फडकं गुंडाळा आणि झोपा. पाण्यानंही पाय जातात, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर त्याला आम्ही विहिरीच्या कोरड्या तळात उभं करून हसलो असतो.

आणि मग दुष्काळ फिटल्यावरच्या एका साली हस्त आला. ढग इतके खाली उतरले की उंच माणसं वाकून चालायची. मिठाचं पाणी झालं. काडेपेट्या बायकांनी पोटाशी बांधल्या. भिंतींना हिरवी लव आली, तिच्यावर शेळ्या चरायच्या. माझ्या चपलांवर आळंब्या उगवल्या आणि शेजारीण त्या भाजीला मागायला आली. मी एक चप्पल दिली, एक ठेवली. खोटं वाटत असेल तर त्या काळातल्या कुणालाही विचारा. जे उरलेत ते माझ्याहून मोठे थापाडे आहेत.

पहिले काही दिवस आम्ही नाचलो. मग ऊन कसं दिसायचं ते विसरलो. जो तो सकाळी दारात उभा राहून आभाळाकडं बघायचा आणि आत वळायचा. ज्याच्यासाठी आम्ही देवाला कौल लावले होते, ते आता भिंतीतून आत येत होतं.

पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीतल्या, एका रंगारखान्यात मी तेव्हा कामाला होतो. लग्न नुकतंच झालेलं, अंगात रग होती आणि डोक्यात फारसं काही नव्हतं. आमच्याकडं सूत रंगायचं आणि मग त्याला खळ चढायची. खळ म्हणजे पिठाची दाट पेज. ती दगडी कुंडात ओतायची, सुताच्या लडी तिच्यात सोडायच्या आणि पायांनी तुडवायच्या. मग ते सूत मागावर जायचं आणि त्याचे टॉवेल व्हायचे. कुंडात उतरण्याआधी काठाला हात लावून तो छातीशी न्यायचा, अशी रीत. सूत ही लक्ष्मी. कामापुरता पाय लावतोय, राग मानू नको, एवढंच त्या हातानं सांगायचं. सगळ्यांत आधी रंगमास्तर उतरणार आणि त्यांच्या मागोमाग, त्याच कोमट पेजेत, आम्ही एकेक जण.

बाहेर आलो की पाय पुसायला दाराशी गोणपाट.

या गोणपाटाविषयी मी जपून बोलतो. ते कधीचं होतं, कुणी आणलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. साऱ्या रंगारखान्याचे पाय ते पुसायचं आणि त्या हस्तात ते एकदाही वाळलं नाही. वरून पिवळं, खालून काळं. पाय ठेवला की खालून हुंकार दिल्यासारखा आवाज यायचा. संध्याकाळी आम्ही ते उंबऱ्याबाहेर टाकून जायचो आणि सकाळी बघावं तर ते उंबऱ्याच्या आत असायचं. रोज वीतभर पुढं. हुसेनभाई, आमचा हातगाडीवाला, त्याच्यावर पाय ठेवायचाच नाही. लांबून उडी मारून आत यायचा.

"इसकू भूक लगेली है," म्हणायचा. "पाँव खाता ये."

आम्ही हसायचो. तोवर निम्म्या रंगारखान्याला खाज सुटली होती. कुंडाच्या काठावर रांगेनं बसून आम्ही बोटांत सुतळी ओढायचो, करवत ओढावी तशी. त्या खाजवण्यात जे सुख होतं ते, माझी बायको माफ करो, संसारात मला फार वेळा मिळालं नाही.

"क्या मामू," हुसेनभाई ओरडला, "पूरा कारखाना नाचरा क्या आज?"

"नाचू दे बे," आमचे रंगमास्तर म्हणाले. "तू तुझी गाडी ढकल."

रंगमास्तर म्हणजे नरसय्यामामा. साऱ्या रंगारखान्याचे मामा. घरी तेलुगू, बाहेर आमच्याहून फर्डी मराठी आणि शिव्या दोन्हीकडच्या. डोळा असा की कोळशाच्या ढिगात काळं मांजर बसलं तर मामा लांबून दाखवणार, आणि वर म्हणणार, मांजराचा काळा जरा तांबूस मारतोय. रंग पक्का का कच्चा, हे ते सूत पिंपातून वर येतानाच सांगायचे. त्यांना साखरेचा आजार होता, पण त्याला ते आजार मानत नसत. चहात चमचा उभा राहील एवढी साखर घालून म्हणत, "रक्तात हायच की, मग वरनं थोडी घातली तर कुठं बिघडलं?"

माझ्या बोटांतून पाणी सुटलं तेव्हा बायकोनं मला दवाखान्यात हाकललं. मी मामांनाही ओढून नेलं, कारण त्यांचं माझ्याहून वाईट दिसत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नाकावर रुमाल न धरता त्यांनी आमचे पाय हातात घेतले, म्हणून त्या मला अजून आठवतात.

"बुरशी आहे ही," त्या म्हणाल्या. "आळंबीचीच भावंडं."

मला चपलेवरची भाजी आठवली.

त्यांनी मला मलम दिलं. म्हणाल्या, "मलमाचं काम निम्मंच, बाकीचं तुमचं. पाय धुतला की पुसायचा. वरवर नाही, एकेक बेचकं उघडून. कापड स्वच्छ हवं, कोरडं हवं, फक्त पायाचं आणि फक्त तुमचं. ते रोज धुऊन खडखडीत वाळवायचं, ऊन नसेल तर चुलीपाशी. बुटात पाय कोंडू नका. आणि बरं दिसायला लागलं म्हणून मलम थांबवू नका. वरचं गेलं तरी आत ती असतेच. दाराशी काही पायपुसणं आहे का?"

मी गोणपाटाचं सांगितलं.

"जाळून टाका."

मग त्या मामांकडं वळल्या. "डोळे मिटा. मी कुठं टोचतेय, सांगा." त्यांनी सुईचं टोक अंगठ्याला लावलं, मग करंगळीला, मग तळव्याला.

मामा डोळे मिटून शांत बसले होते. "कधी टोचताय बाई?"

बाईंनी सुई खाली ठेवली. बाहेर पन्हाळ वाहत होती, तिचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"तुमचं वेगळं आहे, नरसय्या. साखरेनं पायाची जाणीव नेलीय. दुखलं तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं. रोज. कुंडात उतरायचं नाही. पाय कोरडा ठेवायचा. आणि लाली वर चढायला लागली तर त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

मामांची बोटं माझ्याहून जास्त पाझरत होती, म्हणून त्यांना मलमाऐवजी जांभळ्या औषधाची बाटली मिळाली. दवाखान्याच्या पायरीवर मामांनी बूच काढलं. वास घेतला. थेंब नखावर घेऊन आभाळाकडं धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जुना दोस्त भेटल्याचं हसू पसरलं.

"दत्ता, ह्ये आपलंच की बे!"

"आपलं काय, मामा?"

"व्हायोलेट! पाणी घालून फिकट केलंय, एवढंच. बाई बाटलीभर देती, आपल्याकडं पिंप भरून हाय."

अशी चूक दुसरा माणूस करूच शकत नाही. शिंप्यानं केली नसती, शाळामास्तरानं केली नसती. त्याला रंगारीच हवा, आणि तोही डोळ्याचा पक्का. औषध हा एक रंग आहे हे मामांनी बरोबर ओळखलं होतं. आमच्या पिंपात त्या रंगाच्या सोबतीला कातडं जाळणारं कॉस्टिक असतं आणि कशाकशाचा गाळ असतो, एवढंच त्यांनी त्या आनंदात सोडून दिलं.

"आणि कोरडं कापड?" मी विचारलं.

साऱ्या पूर्व भागात तेव्हा कोरडं कापड एकाच जातीचं होतं. गोदामात शेगड्या पेटवून राखलेले नवे टॉवेल, गठ्ठे बांधून गाडीची वाट बघत बसलेले. घरोघरची फडकी, पंचे, जुनी लुगडी, सगळी दोरीवर ओली लोंबत आंबत होती. "मालकाकडनं एक टॉवेल मागून घेऊ," असं मी म्हटलं तेव्हा मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात थुंकलो होतो.

"नवं कापड पायाला? तोंड पुसायला विणतो बे आपण, खुळ्या. ज्याच्या पाया पडतो, त्यानंच पाय पुसू?"

कुठल्या कुठल्या गावच्या लोकांची अंगं पुसणारं हे आमचं गाव. मुंबईच्या शेठजीची ढेरी आम्ही पुसली, परदेशातल्या मडमांची पाठ पुसली. स्वतःच्या बोटांची बेचकी मात्र आम्ही गोणपाटाच्या स्वाधीन केली होती.

दुसऱ्या सकाळी मामांनी जांभळ्या पिंपातून घमेलं भरलं आणि पाय सोडले. त्यांचं बघून आमच्यातल्या काहींनीही सोडले. कॉस्टिक सोललेल्या कातड्याला लागलं तसे ते असे किंचाळले की म्हणे अक्कलकोट रोडला टांग्याचे घोडे उधळले आणि थेट दुधनीला जाऊन थांबले. मामा मात्र घमेल्यात निवांत उभे होते. विडी ओढत.

"बघा," म्हणाले. "मर्द असावा लागतो."

आम्ही टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की हातांना मुंग्या येतात.

त्यांचे पाय घोट्यापर्यंत जांभळे झाले. रोज नवा हात, रोज गडद. आम्ही त्यांना किसनदेव म्हणायला लागलो. खाज गेली म्हणून मामा खूश होते आणि पुन्हा कुंडात उतरत होते. गोणपाट कुणी जाळलं नव्हतं. ओलं गोणपाट जळतं कुठं? ते आता दारापासून निम्म्या वाटेवर आलं होतं. शप्पथ सांगतो.

पहिल्यांदा घाबरली ती अंबक्का, मामांची बायको. घरात तिचा स्वतःचा हातमाग होता. पावसात छत्रीशिवाय ती रंगारखान्यात आली आणि मला बाजूला बोलावलं.

"दत्ता, काल ह्ये घरला आले. एका पायात चप्पल न्हाय. म्हटलं, कुटं टाकली? तर खाली बघून म्हणतेत, अय्यो, कवा गेली? एवढ्या खड्यातनं अनवाणी आले की रे, आन् यांना कळलंच न्हाय."

मी मामांकडं बघितलं. ते कुंडात उभे होते आणि कोमट पेजेत उभं असून थरथरत होते. मी हात धरला. हात भाजत होता. बाहेर काढलं तेव्हा एक पाय दुसऱ्याच्या दीडपट झालेला दिसला, पण रंग तोच. गडद, एकसारखा, कुठं डाग न पडलेला सुरेख जांभळा. बाईंनी लालीवर नजर ठेवायला सांगितली होती. लाली दिसणार कशी? ज्या माणसाला कोळशातलं मांजर दिसायचं, त्यानं स्वतःच्या पायावर स्वतःच्या हातानं पडदा ओढला होता.

हुसेनभाईनं हातगाडी दाराला लावली. गाडीत सुताच्या लडी होत्या, उतरवायला वेळ नव्हता.

"सुताला पाय लागंल," मामा तापात बडबडत होते. "पाय बाहेर काढा माझे."

"हौ मामू, बाहेरच हैं," हुसेनभाई म्हणाला आणि पावसात पळत सुटला. सुताच्या मऊ ढिगावर मामा, आणि गाडीच्या टोकाशी लोंबकळणारे दोन जांभळे पाय, एक लहान, एक मोठा. वाटेतली माणसं बाजूला होत होती. कुणी विचारलं नाही काय झालंय. त्या दिवसांत कुणी काही विचारत नसे.

डॉक्टरीणबाईंनी मामांना मोठ्या दवाखान्यात दाखल करून घेतलं आणि स्वतः तिथं आल्या. स्पिरिटचे बोळे घेऊन पाय पुसायला लागल्या. जांभळा सुटत गेला, आणि त्याच्या खालून लाल वर येत गेला. घोटा लाल. नडगी लाल. त्याच्याही वर, पोटरीच्या दिशेनं, लाल. करंगळी लाल नव्हती. ती काळी होती.

मामांनी मान उचलून बघितलं. रंग बघितल्यावर त्यांना राहवत नसे.

"पक्का हाय," ते हळूच म्हणाले. "हा धुऊन जायचा न्हाय."

लाली जिथं संपत होती तिथं बाईंनी पेनानं रेघ ओढली. इंजेक्शनं सुरू केली. मग अंबक्काला दाराशी नेऊन, जवळ मी होतो म्हणून मलाही, सांगितलं, "सकाळी मोठे डॉक्टर येतील. लाली या रेघेच्या वर गेली असेल तर पाय कापावा लागेल. करंगळी तर जाणारच. आता औषधाचं काम औषध करील, पण बोटांत ओल राहिली तर दुसऱ्या पायालाही हेच होईल. कोरडं कापड आणा. इथली कापडंही सगळी दमट आहेत."

अंबक्कानं मान हलवली आणि चालायला लागली. मी मागं गेलो. दिवेलागणीची वेळ होती. घरात शिरून ती सरळ मागापुढं उभी राहिली. मागावर पांढरा टॉवेल निम्मा विणून झाला होता. शेगडी खाली ठेवून तिनं तो एवढ्या ओलीत कोरडा राखला होता, कारण परवा खंडेनवमी. त्या दिवशी विणकर मागाची पूजा करतात आणि मागावर कापड असावंच लागतं. रिकामा माग पुजणं म्हणजे घर पुसून गेल्याची खूण. आणि निम्मं विणलेलं कापड मागावरून कापणं, त्याविषयी तर तिथं कुणी बोलतही नसे.

तिनं कात्री घेतली.

"अंबक्का, परवा खंडेनवमी हाय," मी म्हणालो.

"ठाव हाय." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "उद्या त्यांचा पाय कापतेत. ह्या घरातलं कायतरी कापायचंच हाय न्हवं? मग ह्ये कापते."

ताणलेला ताणा तुटतो तेव्हा कापडाचा आवाज होत नाही. वाद्याच्या तारा तुटाव्यात तसा होतो, एकामागून एक, आणि मग सगळा माग एकदम सैल पडतो. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी फुगवून सांगितल्या. हा आवाज मला अजून नीट सांगता आलेला नाही.

दवाखान्यात तिनं मामांचा चांगला पाय मांडीवर घेतला. मामांनी तापातही ओळखलं आणि पाय ओढायला लागले.

"अंबा, नको. विणलेलं हाय ते."

"मी विणलंय," ती म्हणाली. "कुणाला लागायचं ते मी सांगते. गप पडा."

शेवटच्या बेचक्यापासून तिनं सुरुवात केली. बोट अलगद बाजूला करायचं, कापडाची घडी आत सारायची, दाबायची, ओढायची नाही. मग पुढचं. एका कोपऱ्यानं एक बेचकं, त्या कोपऱ्यानं दुसरं नाही. मग आजारी पाय, त्याहून हळू. त्या अर्ध्या टॉवेलाला एका बाजूनं नुसते धागे लोंबत होते.

सकाळी मोठे डॉक्टर यायच्या आत मामा जागे झाले. खिडकीत राखाडी उजेड होता, पाऊस चालूच होता. त्यांनी उशीवरून मान उचलली आणि रेघेकडं बघितलं. तो डोळा आम्हाला डॉक्टरपेक्षा पक्का वाटत होता आणि त्याचीच भीती वाटत होती.

बराच वेळ त्यांनी बघितलं. पिंपातून वर येणाऱ्या लडीकडं बघायचे तसंच.

"उतरला," म्हणाले. "थोडाच. पर उतरला."

रंग उतरला म्हणून हसणारा रंगारी मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

करंगळी गेली. पाय राहिला. खंडेनवमीला अंबक्कानं लोंबत्या धाग्यांचा रिकामा माग पुजला आणि गल्लीतल्या बायका दारातूनच परत गेल्या. मामा पुढं कुंडात उतरले नाहीत. काठावर स्टुलावर बसून ओरडायचे, "बेचकं! बेचकं पुस बे आधी!" कुंडापाशी ज्याच्या त्याच्या नावाचं पायाचं फडकं टांगलेलं असे, खाली शेगडी. गोणपाट आम्ही रॉकेल ओतून जाळलं. जळलं नाही, नुसतं धुमसलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर राख नव्हती. वाऱ्यानं नेली असेल.

आता मलाही साखर निघालीय. मलम आणलंय, आणि बरं दिसलं तरी थांबवणार नाही. नातू फुटबॉल खेळून येतो आणि ओले मोजे तसेच बुटात कोंबतो. मी ओरडलो तर म्हणतो, "आजोबा, थोडी खाज तर आहे." त्याला हे सगळं सांगितलं. त्याला सरडा आणि घोडे आवडले. मी टॉवेलाची गोष्ट सांगत होतो तेव्हा तो मोबाइलकडं बघत होता.

आज सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं. यंदाही ऊन बरेच दिवस झाले दिसलेलं नाही. पायपुसणं ओलं होतं, आणि ते उंबऱ्याच्या आत होतं. काल संध्याकाळी मी ते स्वतः बाहेर ठेवलं होतं.

पेपर तसाच राहू दिला. आत आलो, इस्त्रीचा कोरडा टॉवेल काढला, नातवाला हाक मारली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तो हसत होता, गुदगुल्या होतात म्हणून. ते हसू ऐकून मला बरं वाटलं. त्याला अजून कळतंय.

मी शेवटच्या बेचक्यापासून सुरुवात केली.